झाकलेला वाडगा

तोकिजीने आयुष्यात कुठल्याही गावाचा दुसरा महिना पाहिला नव्हता.

फिरत्या नाटक मंडळीत जन्मलेल्या माणसाचं असंच असतं. महिन्याच्या सुरुवातीला गावात यायचं, रोज दोन खेळ करायचे, महिना संपला की पडदे उतरवायचे, केसांच्या टोपांच्या पेट्या ट्रकमध्ये चढवायच्या आणि पुढचं गाव. त्याच्या आईला कळा आल्या त्याही रंगपटात. पहिली अंघोळ तोंडाचा रंग धुवायच्या घमेल्यात झाली, असं थोरले मालक हसत सांगायचे. शाळासुद्धा दर महिन्याला नवी. नवे गुरुजी, नवा बाक, आणि नव्या पोरांनी काढलेल्या त्याच जुन्या खोड्या. पोरांची नावं पाठ व्हायला लागली की निघायची वेळ यायची. पुढे पुढे त्याने नावं पाठ करणंच सोडून दिलं.

मिसरूड फुटायच्या आधी अंगावर स्त्रीवेष चढला तो सत्तरी उलटली तरी उतरला नव्हता. तोकिजी स्त्रीपार्टी नट होता, आणि काय नट होता! तो रंगमंचावर येऊन नुसती मान वळवायचा आणि समोरच्या बायका नकळत आपापली मान सावरून बसायच्या. नवरी, गणिका, सोडून दिलेली बायको, मुलाला शोधत फिरणारी आई, सगळ्याजणी त्याच्या अंगात येऊन राहून गेल्या. खेळ संपला की त्या निघून जायच्या. तोंड धुतल्यावर आरशात जो म्हातारा उरायचा त्याच्याशी बोलायला कुणी नसायचं.

गेल्या उन्हाळ्यात एक गोष्ट घडली. नवरीच्या वेषात नाचता नाचता गुडघा निसटला आणि तोकिजी थेट पहिल्या रांगेतल्या एका आजीबाईंच्या मांडीवर जाऊन पडला. लोकांना वाटलं विनोद आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. विंगेत उभा असलेला रेनजिरो मात्र हसला नाही. हा थोरल्या मालकांचा नातू, आता मंडळीचा मालक. त्याने काही दिवस जाऊ दिले आणि मग एका दुपारी तोकिजीच्या आरशासमोर येऊन बसला.

"मास्तर, ओइताचा तो वृद्धाश्रम चांगला आहे हो. मी स्वतः जाऊन बघून आलो. समोर समुद्र आहे."

"समुद्राला घेऊन मी काय करू? तो टाळ्या वाजवतो का?"

"तिथे थंडी नसते. गुडघ्याला बरं. मी दर आठवड्याला फोन करीन."

"तू तुझ्या बायकोला फोन करत नाहीस, मला कुठला करतोस!"

रेनजिरो हसला आणि हसता हसता त्याचे डोळे भरले. याच पोराला तोकिजीने भुवया काढायला शिकवल्या होत्या. त्याला आणखी अवघडवायला नको म्हणून तोकिजी बरं म्हणाला. ठरलं असं की नोव्हेंबरचा त्सुकिझावाचा मुक्काम शेवटचा. तिथून मंडळी पुढे जाईल आणि तोकिजी दक्षिणेला.

त्सुकिझावा, हे ऐकून तोकिजीच्या मनात एक वाक्य उगवलं.

उत्तरेला, अकिताच्या डोंगरात हे गरम झऱ्यांचं गाव आहे, मंडळीचा दर नोव्हेंबरचा मुक्काम. मोठं स्नानगृह, त्याला लागून नाटकाचं दालन, आणि त्या दालनाच्या मागच्या गल्लीत कानेयोचं रामेनचं, म्हणजे रश्शातल्या नूडल्सचं, दुकान. एक फळी, तिच्यासमोर सात-आठ स्टुलं, रॉकेलची शेगडी. एवढंच. बाहेर निळा पडदा टांगलेला असला की दुकान उघडं.

पहिल्यांदा तो त्या पडद्याखालून वाकून आत गेला तेव्हा कानेयोचा नवरा गेनपाची हयात होता. आडदांड, कपाळाला फडकं बांधलेला, आणि शब्द पदरचे खर्च होतात अशा बेताने बोलणारा. तोकिजी शेगडीजवळच्या, खांबाला लागून असलेल्या शेवटच्या स्टुलावर बसला आणि हळूच म्हणाला, "माझ्या वाडग्यात कांद्याची पात नको."

गेनपाचीने मान वर केली. "हे काय इस्पितळ आहे?"

"तसं नाही हो. संध्याकाळी मला प्रियकराच्या मिठीत मरायचंय. तोंडाला पातीचा वास आला तर आधी तो मरेल."

गेनपाची क्षणभर बघत राहिला. मग त्या माणसाच्या पोटातून असं काही हसू फुटलं की हातातली पळी फळीवर आपटली. मागे वाडगे विसळत असलेली कानेयो दचकून वळली. लग्न झाल्यापासून नवऱ्याचं असं हसू तिने ऐकलं नव्हतं. तिने पुढे येऊन वाडग्यात बघितलं. पातीच्या जागी मोकळं मोकळं दिसत होतं. तिने माशाच्या वडीची आणखी एक चकती उचलली, पांढरी, मधे गुलाबी भोवरा असलेली, आणि तिथे ठेवली. बाकीच्यांना एक भोवरा, तोकिजीला दोन.

आणि ते रामेन! आरपार दिसेल असा तपकिरी रस्सा, त्यावर तेलाचे बारीक बारीक डोळे, कुरळ्या नूडल्स, मांसाचा एक काप, बांबूच्या कोवळ्या कोंबाच्या दोन-चार फाका. वाफेबरोबर सुक्या मासळीचा वास वर आला आणि तोकिजीचं नाक वाहायला लागलं. त्याने भुरका मारला. रस्सा जिभेवर आधी खारट लागला, मग गोडसर, आणि गिळल्यावर कुठेतरी छातीच्या मधोमध जाऊन थांबला. गावोगावचं रामेन त्याने खाल्लं होतं. याहून दाट, याहून तिखट, याहून नावाजलेलं. पण बाकी ठिकाणी तो खाऊन उठायचा. इथे रस्सा संपला तरी वाडगा दोन्ही हातांत धरून बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी गेला तर न सांगता पात नव्हती. पुढच्या वर्षी गेला तरी नव्हती. वर्षातले अकरा महिने ज्याला कुणी फारसं ओळखत नाही अशा माणसाला ही केवढी मोठी गोष्ट वाटली असेल!

पुढे गेनपाची गेला. दुकान एकटी कानेयो चालवू लागली. रस्सा तोच राहिला, तोकिजीचं स्टूल तेच राहिलं. दोघांचं बोलणं म्हणाल तर थंडी, गुडघे आणि मासळीचा भाव. फक्त मुक्कामाच्या शेवटच्या खेळाला ती दुकान बंद करून यायची, तिसऱ्या रांगेत बसायची, आणि निघताना रंगपटाच्या दाराशी संत्र्यांची पिशवी ठेवून जायची.

तर, त्या गावात जाऊन तोकिजीला जे वाक्य बोलायचं होतं ते हे: कानेयो-सान, वरची ती पीठ ठेवायची खोली मला द्याल का? वाडगे विसळीन, सकाळी पडदा लावीन, मला इथे राहू द्या.

अख्ख्या ऑक्टोबरभर त्याने ते वाक्य घोटलं. आधीच्या गावच्या नाट्यगृहातला बॉयलर फुटला आणि मुक्काम तीन-चार दिवस आधीच आटोपला, तेव्हा त्याने ट्रकची वाट पाहिली नाही. टोपाची पेटी हातात घेतली आणि एकटाच बसने पुढे निघाला. गर्दी नसताना, मंडळी आलेली नसताना बोललेलं बरं.

भर दुपारी तो पोचला. पडद्याखालून वाकून आत गेला. दुकानात एकच गिऱ्हाईक होतं. सेइगो, जंगलखात्यातून निवृत्त झालेला, रोज दुपारी इथे येऊन वर्तमानपत्र वाचणारा म्हातारा. तोकिजी सवयीने शेवटच्या स्टुलाकडे वळला आणि थबकला.

त्या स्टुलासमोर फळीवर एक वाडगा ठेवलेला होता. वर झाकण. शेजारी जेवायच्या काड्या, नीट आडव्या. स्टुलावर कुणी नाही.

कानेयो त्या वाडग्यासमोर उभी होती. तिने झाकण जरासं उचललं, आत बघितलं, परत ठेवलं. आणि मान वर केली तर दारात तोकिजी.

"अगंबाई!" तिच्या हातातलं फडकं खाली पडलं. "तुम्ही? आज? अजून चार दिवस आहेत की!"

"बॉयलर फुटला," तोकिजी म्हणाला.

"बॉयलर," ती म्हणाली, आणि घाईघाईने तो वाडगा उचलून मागे घेऊन गेली. तिचे कान लाल झाले होते.

तोकिजीला उमगलं. त्याला वाटलं, उमगलं. नवरा गेलेल्या बाईने दुपारी दुकानात एक पान वाढून ठेवलंय. कोणासाठी, हे काय विचारायचं असतं? गेनपाचीचं सारं आयुष्य या फळीमागे गेलं. त्याचं पान इथेच असणार. आणि आपण इतकी वर्षं नोव्हेंबर आला की त्याच्या जागेवर जाऊन बसतोय, आणि ही बिचारी महिनाभर ते पान आवरून ठेवते, पाहुण्याचा मान राखायला. तो मनातून इतका ओशाळला की महिनाभर घोटलेलं वाक्य घशातच विरघळलं. ज्या घरात माणूस मेल्यावरही जेवायला बसतो तिथे आपण वरची खोली कुठल्या तोंडाने मागायची?

"बसा ना तुमच्या जागेवर," कानेयो आतून आली.

"इथे बरं आहे," म्हणत तो दाराजवळच्या स्टुलावर बसला.

"तिथे वारा लागतो."

"मला वारा आवडतो."

कानेयोने त्याच्याकडे बघितलं. त्याच्यासमोर वाडगा आला. पात नाही, दोन भोवरे. रस्सा होता तसाच होता. तोकिजीने भुरका मारला आणि "वा!" म्हणाला. रंगमंचावर असा "वा" म्हटला असता तर थोरल्या मालकांनी काठी घातली असती.

महिना सुरू झाला. मंडळी आली, झेंडे लागले, ढोल वाजू लागला. तोकिजी रोज दुपारच्या खेळाआधी जायचा, दाराजवळ बसायचा, पटापट खायचा आणि उठायचा. त्याला वाटायचं, आपण जितक्या लवकर जाऊ तितक्या लवकर गेनपाचीचं पान परत मांडता येईल. कधी कधी तर तो गेलाच नाही. रंगपटात बसून गार भाताचा गोळा खाल्ला.

हे कानेयोच्या बाजूने कसं दिसत असेल? माणूस इतकी वर्षं एका जागेवर बसतो, आणि एके दिवशी ती जागा सोडतो, दाराशी बसतो, नीट बोलत नाही, खाल्लं न खाल्लं करून उठतो. तिला काय वाटायचं ते वाटलं असणार. पण विचारायचं कसं? तीही गप्प. दोघंही मोठे सभ्य.

सेइगो तेवढा गप्प बसणाऱ्यातला नव्हता. "काय हो मास्तर, दारात बसलाय, वसुलीला आल्यासारखे? पळून जाणार नाही आम्ही."

"गुडघा दुखतो. उठायला सोपं पडतं."

"शेगडीजवळ बसलात तर दुखायचा थांबेल. मालकीणबाई, यांना सांगा काहीतरी."

"ज्याला जिथे बसायचंय तिथे बसू दे," कानेयो म्हणाली आणि पातेल्यावरचं झाकण जरा जोरातच ठेवलं.

शेवटच्या खेळाला ती आली. तिसरी रांग, तीच जागा. तोकिजीने त्या दिवशी मुलाला शोधत फिरणाऱ्या आईचं नृत्य केलं. गुडघ्याला पट्टा बांधून, वळणं कमी करून, नुसत्या बाह्यांवर आणि मानेवर. रेनजिरोने प्रकाश मंद ठेवला होता. सभागृहात लोक नाकं पुसत होते. तोकिजीने एकदाच तिसऱ्या रांगेकडे बघितलं. कानेयो रडत नव्हती. हात मांडीवर ठेवून ताठ बसून होती, कुणी लांबच्या गाडीत बसलेल्या माणसाकडे बघावं तशी. शेकडो लोकांना रडवणाऱ्या माणसाला एका बाईशी एक वाक्य बोलता येत नव्हतं. दाराशी संत्र्यांची पिशवी होती. नेहमीपेक्षा मोठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक भरला. टोपांची पेटी या वेळी तोकिजीने स्वतः चढवली नाही. रेनजिरोने चढवली. "मास्तर, स्टेशनपर्यंत सोडतो ना."

"नको. बसने जातो. मला बसची सवय आहे."

ट्रक गेला. तोकिजी रस्त्याच्या कडेला उभा राहून बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा तो मंडळीचा ट्रक मागून बघत होता. मागच्या फळीवर एवढी मोठी भेग आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं.

दुकानाचा पडदा अजून लागला नव्हता, पण आत दिवा होता. कानेयोने काही न विचारता वाडगा पुढे ठेवला. या वेळी तो सावकाश खात होता.

"पुढच्या वर्षी मी येणार नाही," तो वाडग्यात बघत म्हणाला.

"कळलं. रेनजिरो-सान बोलले स्नानगृहात." ती फळी पुसत होती. पुसलेलीच जागा परत पुसत होती. "लांब आहे?"

"ओइता. समुद्र आहे समोर."

"थंडी असते?"

"नसते म्हणतात."

"बरं." थोड्या वेळाने ती म्हणाली, "दुपारचं जेवण किती वाजता देतात?"

"अं? साडेअकराला, बहुतेक."

"इतक्या लवकर," ती स्वतःशीच म्हणाली.

तोकिजीला प्रश्नाचा अर्थ लागला नाही. त्याने रस्सा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला, वाडगा उचलून वरच्या फळीवर ठेवला, आपली जागा फडक्याने पुसली, आणि खाली वाकून नमस्कार केला. तिनेही केला. दोघं बराच वेळ वाकलेले राहिले, कारण वर बघायची कुणाचीच तयारी नव्हती.

बसच्या थांब्यावर सेइगो फावड्याने बर्फ बाजूला करत होता. रात्रीच पहिला बर्फ पडला होता.

"निघालात? म्हणजे आजपासून परत सुरू," सेइगो पुटपुटला. "महिनाभर सुट्टी होती मला."

"कशापासून?"

"तुमच्या वाडग्यापासून, आणखी कशापासून!" सेइगोने फावडं बर्फात रोवलं. "अहो, तुमचं पान मांडून झालं की ते खातो कोण? मी. अन्न टाकत नाही ती बाई. वर्षाचे अकरा महिने पात नसलेलं रामेन खातोय मी, गांडुळाएवढ्या फुगलेल्या नूडल्स! फुकट आहे म्हणून किती खायचं माणसाने?"

"सेइगो-सान, ते गेनपाचीचं पान."

"गेनपाचीचं?" सेइगो त्याच्याकडे बघतच राहिला. "गेनपाची मूठ मूठ पात खायचा! त्याचं पान वर देव्हाऱ्यात असतं, सकाळचा भात आणि चहा. अहो, सगळा देश पालथा घातलात तुम्ही, आणि मेलेल्याचं पान कुठलं आणि प्रवासाला गेलेल्याचं कुठलं, एवढं कळत नाही?"

तोकिजीच्या पायाखालचा बर्फ कुरकुरला.

त्याला आजीची आठवण झाली, मंडळीत सगळ्यांचा स्वयंपाक करणारी. आजोबा दूर गेले होते तेव्हा ती असंच एक पान वाढून झाकून ठेवायची. झाकणाला आतून थेंब धरले की म्हणायची, सुखरूप आहेत. घरातल्या माणसासाठी ठेवतात हे पान. नवऱ्यासाठी, मुलासाठी. ज्याच्या येण्याची वाट बघायची त्याच्यासाठी.

"केव्हापासून?" त्याने विचारलं.

"तुमचा ट्रक घाटात बर्फात उलटला होता ना, त्या साली. रेडिओवर नुसतं सांगितलं, नाटक मंडळीचा ट्रक. नावं नाहीत. त्या दुपारी मांडलं पहिल्यांदा. झाकण उघडून इतकी बघत बसली की माझी ऑर्डर विसरली. तेव्हापासून चाललंय." सेइगोने नाक पुसलं. "मी सांगितलं म्हणून सांगू नका. मला वाडग्याने मारेल."

बस आली. दार उघडलं. ड्रायव्हर म्हणाला, "स्टेशन?"

तोकिजी पायरीकडे बघत उभा होता. पेटी नव्हती, टोप नव्हता, ट्रक निघून गेला होता. हातात फक्त संत्र्यांची पिशवी आणि कपड्यांची एक वळकटी.

"आजोबा, चढताय का?"

"नाही," तोकिजी म्हणाला. "मी इथेच उतरतो."

दुपारचा भोंगा वाजला तेव्हा तो पडद्याखालून वाकला. शेवटच्या स्टुलासमोर वाडगा मांडलेला होता. झाकण वर, काड्या शेजारी. कानेयो पाठमोरी होती. तोकिजी गेला आणि त्या स्टुलावर बसला.

ती वळली. "बस चुकली?"

"सोडली."

शेगडीवरची किटली तेवढी बोलत होती. तोकिजीने झाकणावर हात ठेवला. "उघडू?"

"आधी थेंब बघायचे असतात," ती म्हणाली. कान पुन्हा लाल.

त्याने झाकण उलटं केलं. आतून थेंबच थेंब. खाली रस्सा, फुगायला लागलेल्या नूडल्स, पात नाही, दोन गुलाबी भोवरे.

"सुखरूप आहे म्हणजे," तोकिजी म्हणाला.

"दिसतंय."

घोटलेलं वाक्य आठवेना. रंगमंचावर कधी असं झालं नव्हतं, विंगेतून शब्द पुरवायलाही कुणी नव्हतं. मग जे तोंडात आलं ते तो बोलला. "कानेयो-सान, मला या गावाचा दुसरा महिना बघायचाय."

तिने त्याच्याकडे बघितलं नाही. पळी खाली ठेवली. "डिसेंबरात इथे बघण्यासारखं काही नसतं. बर्फ काढायचा आणि आत येऊन बसायचं."

"फावडं धरता येतं मला."

"गुडघा?"

"तो नाचायला नको म्हणतो. फावड्याबद्दल अजून काही बोलला नाही."

"वरच्या खोलीत पिठाची पोती आहेत."

"पोत्यांबद्दल माझी तक्रार नाही."

इतक्यात पडदा हलला आणि सेइगो आत आला. त्याने आधी तोकिजीकडे बघितलं, मग वाडग्याकडे. "अहो, ते माझं आहे!"

"आजपासून पैसे देऊन खा," कानेयो म्हणाली आणि त्याच्यासाठी ताजी पात चिरायला घेतली. पाठ फिरवून. बराच वेळ चिरत राहिली. एका माणसाला लागते त्याच्या चौपट पात झाली.

संध्याकाळी तोकिजीने रेनजिरोला फोन केला. "समुद्राला सांग, माझी वाट बघू नको म्हणावं." पलीकडून रेनजिरो म्हणाला, "मास्तर, नोव्हेंबरात भेटू."

डिसेंबरात दालनात दुसरी मंडळी आली. तोकिजी त्यांना ओळखत नव्हता. सकाळी गल्लीतला बर्फ काढताना त्याला त्यांचे झेंडे दिसले, अनोळखी नावांचे. दुपारी ढोल सुरू झाला. वाडगे विसळता विसळता त्याचा हात थांबला. इथे नवरी येणार. आता तिने मान वळवायला हवी. ढोलाचा ठोका पडला आणि भिंतीपलीकडे टाळ्या वाजल्या, दुसऱ्या कुणासाठी.

जेवणाची वेळ झाली. तो हात पुसून खांबाजवळच्या स्टुलावर येऊन बसला. समोर वाफाळता वाडगा आला, झाकण नसलेला. कानेयोच्या चिमटीत कांद्याची पात होती. ती थांबली.

"घालू?"

ढोल वाजत होता. तोकिजी त्या हिरव्या कापांकडे बघत राहिला. पन्नास-साठ वर्षं त्याने पातीला स्पर्श केला नव्हता. कानेयोने घाई केली नाही. सेइगोनेही वर्तमानपत्राचं पान उलटलं नाही.

"घाला," तोकिजी म्हणाला.

तिने पात घातली. त्याने वाडगा उचलला, भुरका मारला, आणि पात दाताखाली आली तसं त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"यंदा पात तिखट आहे," सेइगो म्हणाला, वर्तमानपत्रातून डोळे वर न काढता.